एका अंड्याचा हिशेब

पहिला दिवस, रविवार : पुणे ते वेळास

चौतीस वर्षं बँकेत कॅश काउंटरवर काढली. निवृत्त झाल्यावर लोक विचारायचे, आता काय करणार? मी सांगायचे, काहीही करेन, पण मोजणार काही नाही. मार्च २०२५ मध्ये, धुळवडीचे रंग अंगावरून पुरते गेलेही नव्हते, तोच भाचीचा फोन आला. "मावशी, सहा दिवस कोकणात येतेस? मला मोजायला माणूस हवंय."

भाची सागरी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. कासवाच्या घरट्यातल्या वाळूचं तापमान हा तिचा विषय. बरोबर येणारी मैत्रीण ऐन वेळी तापानं आडवी झाली होती. भाचीनं आधीच बजावलं, "कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. परवानगीचं पत्र माझ्या नावाचं आहे, तुझ्या नाही. तू कशालाही हात लावायचा नाही. फक्त वही धरायची." नोटांना हात न लावता नुसती वही धरायची नोकरी मला तेव्हा मिळाली असती तर अजून दहा वर्षं केली असती.

ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा करत दुपारी बागमांडल्याच्या जेट्टीवर पोचलो. समोर वेसवी, मध्ये सावित्रीची खाडी. रविवार असल्यानं फेरीबोटीला पाऊण तास रांग होती. रांगेत पुढच्या टेंपोवाल्यानं मला भरती-ओहोटीचं गणित शिकवलं, ते मी आयुष्यभर कोकणात येऊन-जाऊन कधी ऐकलं नव्हतं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. आज द्वितीया, म्हणजे दीड वाजता. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. भाचीनं मोबाइलमध्ये भरतीचं कोष्टक उघडून पाहिलं. थोडा फरक निघाला, पण टेंपोवाल्याचं गणित फारसं चुकलं नव्हतं. तिनं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं.

वेळास हे नाना फडणवीसांचं गाव म्हणून ओळखलं जायचं. आता कासवांचं गाव म्हणतात. पूर्वी कोकण किनाऱ्यावर कासवाची अंडी उकरून नेणं, खाणं, विकणं यात कुणाला वावगं वाटत नसे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं इथं गावकऱ्यांना धरून घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. आता हंगामात घराघरांत पाहुणे असतात. आम्ही उतरलो ते घरही तसंच. ओसरीवर झोपाळा, मागे सुपारीची बाग, जेवायला केळीच्या पानावर आमटी-भात, बिरड्याची उसळ आणि सोलकढी.

संध्याकाळी सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो. जाळीचं कुंपण घातलेली हॅचरी, म्हणजे किनाऱ्यावरच्या घरट्यांतून आणलेली अंडी पुरून राखायची जागा, आत वाळूत ओळीनं उपड्या घातलेल्या टोपल्या, प्रत्येकीजवळ पाटी. पाटीवर तारीख, अंड्यांची संख्या, घरटं कुठं सापडलं ती जागा. साडेपाचला कासवमित्रानं, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावकऱ्यानं, एकेक टोपली उचलली. सगळ्या रिकाम्या. मुंबईहून आलेली एक मुलगी रडायलाच लागली. कासवमित्र म्हणाला, "बाय, सकाळी ये. त्यांना काय घड्याळ आहे?"

दुसरा दिवस : वेळास ते गुहागर

सकाळी साडेसहाला पुन्हा टोपल्या. तिसरी उचलली आणि आत वाळू हलत होती. आधी काही दिसेना. मग वाळूतून एक काळपट चोच, मग एक वल्ह्यासारखा पाय, आणि बघता बघता बिस्किटाएवढी पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढून बाहेर. एकटं पिल्लू वर येऊ शकत नाही म्हणे. खालच्यांनी ढोसायचं, वरच्यांनी वाळू पाडायची, असं करत सगळी मिळून दोन-तीन दिवसांत वर सरकतात. वर आली तरी वाळू तापलेली असेल तर थांबतात, गार झाली की निघतात. म्हणून पहाटे आणि संध्याकाळी.

पिल्लं थेट पाण्यात सोडत नाहीत. ओल्या वाळूच्या अलीकडे ठेवतात आणि माणसांना दोरीमागे उभं करतात. ती रांगणी महत्त्वाची. त्या रांगण्यातच हा किनारा त्यांच्या कुठंतरी नोंदला जातो, अशी संशोधकांची धारणा आहे. दहा-पंधरा वर्षांनी मादी अंडी घालायला जन्माच्या भागातच परतते, ती याच नोंदीच्या आधारानं. समुद्री कासवांना पृथ्वीचं चुंबकत्व जाणवतं, हे प्रयोगांनी दिसून आलंय. नर मात्र एकदा पाण्यात गेला की सहसा जमिनीवर येतच नाही. त्याचं सगळं आयुष्य आपल्या नजरेआड.

एक पिल्लू उलट्या दिशेला, हॅचरीकडे निघालं. सगळे "अरे, अरे" करायला लागले. कुणाच्या तरी मोबाइलचा दिवा चालू राहिला होता. उजेड असेल तिकडे ती जातात, कारण मोकळ्या किनाऱ्यावर समुद्राचं क्षितिज जमिनीपेक्षा उजळ असतं. दिवा विजला, पिल्लू थबकलं, वळलं. पहिल्या लाटेनं त्याला परत वर आणून टाकलं, दुसरीनं नेलं.

पाहुणे पांगले आणि आमचं खरं काम सुरू झालं. एका घरट्यातली पिल्लं तीन दिवसांपासून निघत होती. आता ते उकरून आत काय उरलंय ते मोजायचं होतं. भाची पालथी झोपली, खांद्यापर्यंत हात खड्ड्यात. कासवीण मागच्या पायांनी खणते तो खड्डा सुरईसारखा असतो, तोंड अरुंद, तळ रुंद. हॅचरीत अंडी आणून ठेवतात तेव्हा माणसांनाही तसाच आणि तेवढाच खोल, हातभर खड्डा करावा लागतो. अंडी हलवायची तर घातल्यापासून काही तासांच्या आत, आणि फिरवायची नाहीत. आतला गर्भ कवचाला वरच्या बाजूनं चिकटतो. नंतर अंडं उलटं झालं की तो मरतो.

वास मी सांगत नाही. बंद पडलेल्या फ्रिजमध्ये आठवडाभर राहिलेली अंडी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना कळेल. भाची एकेक कवच काढून वाळूवर मांडत होती. निम्म्याहून मोठा तुकडा असेल तरच एक धरायचं, बारीक चुरा सोडून द्यायचा, नाहीतर एकाच अंड्याची दोन होतात. मी दहा-दहाच्या ढिगाऱ्या सांगत होते, ती लावत होती. हाताला सवय असते. माझी बोटं आपोआप अंगठ्यावर फिरायला लागली.

रिकामी कवचं ९७. न फुटलेली अंडी १४. आतच मेलेली पिल्लं ३. तळाशी, दोन कवचांच्या मध्ये अडकलेलं, एक जिवंत पिल्लू. ते तिनं हलकेच वर काढलं तेव्हा त्यानं दोन्ही वल्ही एकदम मारली. हवेतच पोहायला लागलं. कासवमित्रानं ते टोपलीत घेऊन तसंच पाण्याकडे नेलं.

मग मी जमाखर्च मांडला. कासवमित्राच्या रजिस्टरमध्ये सोडलेल्या पिल्लांचे आकडे होते : ५८, ३१, ४. बेरीज ९३. आत्ताचं एक धरून ९४. मेलेली तीन मिळवली की ९७. कवचं ९७. टॅली! मला काउंटर बंद करतानाचा तो जुना आनंद झाला. मग मी एकूण केली. ९७ आणि १४, १११. पाटीवर अंडी होती ११२.

"एक कमी आहे," मी म्हणाले.

"होतं तसं कधीकधी," कासवमित्र म्हणाला. "अंडी आणतात रात्रीची, बॅटरीच्या उजेडात मोजतात. नाहीतर खेकड्यानं नेलं असेल."

होतं तसं, हे वाक्य बँकेत कुणी म्हटलं असतं तर चौकशी बसली असती. भाचीनं मात्र वहीत शांतपणे ११२ आणि १११ दोन्ही लिहिलं आणि खड्ड्याच्या तळातून बटणाएवढं तापमान नोंदवणारं यंत्र काढून पुसायला घेतलं. तिच्या दृष्टीनं खरा ऐवज तो होता. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे वाळूची ऊब ठरवते, अंडी उबण्याच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात. साधारण २९-३० अंशांच्या खाली बहुतेक नर, त्याच्या वर बहुतेक माद्या. पिल्लाकडे बघून काही कळत नाही. म्हणून वाळूलाच विचारायचं. हॅचरीवर सावली करावी की नाही, कुठल्या ओळीत केवढी, असले प्रश्न त्या बटणावर अवलंबून. मी विचारलं, मग इथं काय निघतंय? "तीन हंगाम तरी झाल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही," ती म्हणाली. आमच्या घराण्यात तोंड न उघडणारी ही पहिलीच.

दुपारी केळशी, आंजर्ले, दापोली. दाभोळला फेरीबोटीनं वाशिष्ठी ओलांडली आणि धोपाव्याहून गुहागर. गुहागरचा किनारा लांबच लांब, सपाट, आणि संध्याकाळी गर्दी अशी नाहीच. तिथं बसून भाचीनं मला नावं सांगितली.

जानेवारी २०२२ मध्ये वेळासला अंडी घालून परत निघालेल्या एका कासविणीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र चिकटवलं, वन विभागाच्या मॅन्ग्रोव्ह फाउंडेशननं आणि भारतीय वन्यजीव संस्थेनं मिळून. पश्चिम किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेला, म्हणजे इथं येतात त्या जातीच्या कासवाला, असं यंत्र पहिल्यांदाच बसत होतं, म्हणून तिचं नाव प्रथमा. आंजर्ल्याची सावनी. मग गुहागरच्या रेवा, वनश्री आणि लक्ष्मी. यंत्राची गंमत अशी की पाण्याखाली ते मुकं. कासवीण श्वासाला वर येते तेवढ्यापुरता संदेश जातो. नकाशावर रेघ दिसते ती म्हणजे तिनं घेतलेल्या श्वासांची ठिपक्यांची रांगोळी. लक्ष्मीचे संदेश लवकर थांबले. प्रथमा गुजरातकडे गेली. बाकीच्यांचेही एकेक करून थांबले. कासव मेलं, की यंत्र निखळलं, की बॅटरी संपली, ते कळायला मार्ग नाही.

२०२३ मध्ये इथूनच बागेश्री आणि गुहा गेल्या. गुहा लक्षद्वीपच्या बाजूला रमली. बागेश्री कन्याकुमारीला वळसा घालून, श्रीलंकेवरून बंगालच्या उपसागरात शिरली. तोवर पूर्वेची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी असं मानायची पद्धत होती. आणि जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर एक मादी अंडी घालताना सापडली, तिच्या पायाला धातूचा बिल्ला, क्रमांक ०३२३३. हा बिल्ला तिला मार्च २०२१ मध्ये ओडिशात, गहिरमाथ्याला लावलेला. साडेतीन हजार किलोमीटरचा पल्ला.

मला त्या बिल्ल्याचं फार कौतुक वाटलं. ना बॅटरी, ना उपग्रह. दहा-वीस रुपयांच्या नोटेवर असतो तसा नुसता क्रमांक. चार वर्षांनी दुसऱ्या समुद्रावर कुणीतरी तो वाचला, एवढंच. किती बिल्ले लावले जातात आणि कितीकांचा पुन्हा पत्ताच लागत नाही, हे भाचीनं सांगितल्यावर तर जास्तच.

तिसरा दिवस : कातळावर, मग रत्नागिरी

संकष्टीचा दुसरा दिवस, चतुर्थी. तीनला भरती, म्हणजे नऊला ओहोटी. टेंपोवाल्याचं गणित हातात धरून आम्ही आठलाच गुहागरच्या दक्षिणेला एका काळ्या कातळावर उतरलो.

भाचीच्या विषयात हे येत नाही. तिच्या सरांनी सांगितलंय म्हणून करते. प्लॅस्टिकच्या पाइपांची अर्धा मीटर बाजूची चौकट घ्यायची, ठरलेल्या अंतरावर कातळावर ठेवायची आणि आत काय-काय, किती-किती ते लिहायचं. जीव चिमटीत धरायचे नाहीत, दगड उलटला तर पुन्हा तसाच ठेवायचा. मला वाटलं होतं, कातळ म्हणजे कातळ. त्या चौकटीत वाकून पाहिलं आणि अर्ध्या तासानं पाठ धरली तेव्हाच डोकं वर काढलं. टोपीसारखे शंख, प्रत्येकाची दगडावर स्वतःची झिजलेली खाच. पाणी ओसरलं की तो बरोबर तिथंच येऊन बसतो. दुसऱ्याच्या शंखात राहणारे खेकडे, भाडेकरू बदलावेत तसे शंख बदलणारे. एका डबक्यात समुद्रफूल. माझ्या सावलीनं ते मिटलं आणि जिथं फूल होतं तिथं मातकट गोळा राहिला.

दगडाला चिकटलेले ते पांढरे, ज्वालामुखीसारखे दिसणारे बारके जीव एका चौकटीत हजारावर. मी मोजायलाच बसले. भाची हसली. "मावशी, कोपऱ्यातला दहा सेंटिमीटरचा चौकोन मोज आणि पंचविसानं गूण." म्हणजे गड्डी मोजायची आणि गड्ड्या मोजायच्या. हे आधी सांगायला काय झालं होतं?

जरा पलीकडे दोन बायका कोयतीनं कालवं काढत होत्या. कातळावर चिकटलेलं कालव एका फटक्यात उघडायचं, आतला गर डब्यात. भाची जाऊन त्यांच्याजवळ उकिडवी बसली आणि विचारत राहिली. कुठली बाजू यंदा भरलीये, कुठली रिकामी, पूर्वी कुठवर मिळायची. त्यातल्या म्हातारीनं हातानं कातळाचे तीन भाग करून दाखवले आणि प्रत्येकाला नाव होतं. आम्ही सकाळपासून ज्याला "पट्टा १, २, ३" म्हणत होतो तेच हे. भाचीनं पट्ट्यांपुढे ती नावं लिहिली. मी मात्र उठताना घसरले आणि कालवाच्या कडेनं पायाचा तळवा चांगला बोटभर कापला. म्हातारीनं समुद्राच्या पाण्यानं धुऊन पदराची चिंधी बांधली आणि "शेरातली काय?" म्हणून विचारलं. त्यात प्रश्न नव्हताच.

तवसाळ-जयगड फेरीबोट, आणि लंगडत रत्नागिरी. तिथं झाडगावला सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय आहे. शाळेच्या सहलीत लोक बघतात तसं बघून झालं. माशांच्या टाक्यांपुढे माझं मन लागलं नाही, कातळावरचं डबकं नुकतंच पाहिलं होतं. देवमाशाच्या सांगाड्यापुढे मात्र बराच वेळ उभी राहिले. देवमाशाच्या वल्ह्यात आत हाडं असतात ती बोटांची. मनगट, तळवा, बोटं, सगळं जागच्या जागी. आपल्याच हातासारखा हात, वर कातडीचा मोजा चढवलेला.

चौथा दिवस : मालवण

दिवसभर गाडी. रंगपंचमी, त्यामुळे दर वळणावर पोरं आडवी. पाच वाजता मालवणच्या बंदरावर पोचलो तेव्हा निम्म्या होड्या सणामुळे बाहेरच पडल्या नव्हत्या. तरी लिलाव चालू होता. बांगड्यांचे ढीग, थोडी सुरमई, आणि एका टोपलीत मोऱ्या, हातभर लांबीच्या.

मोरी हा शार्क आहे हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं. इतकी वर्षं मोरीचं कालवण खाल्लं, आणि शार्क म्हणजे परदेशातला, माणसं खाणारा. भाची फोटो काढत, पट्टीनं लांबी घेत होती. एक मासेवाली बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काय गे बाय, नुसते फोटोच काढतलंस, की घेतलंस पण?" मग मी अर्धा किलो घेतली. तेवढ्या सौद्यावर ती बोलायला लागली. मोऱ्या जास्त कधी येतात, पोटात पिल्लं असलेल्या कधी. कारण मोरी अंडी घालत नाही, पिल्लं देते. नाळेनं पोसलेली, एका वेळी डझनभरसुद्धा. शार्कमधल्या अगदी प्रगत नाळांपैकी हिची आहे, असं भाची सांगत होती आणि मासेवाली "मगे?" म्हणत होती, जणू यात नवीन ते काय.

बंदरावरच्या टोपल्या हे शार्क-पाकटांच्या अभ्यासाचं मोठं साधन आहे. समुद्रात उतरून शार्क मोजणं महाग आणि अवघड. जाळ्यात येतं ते रोज, त्याच जागी, त्याच वेळी मोजत राहिलं तर काही वर्षांनी त्यातून काहीतरी दिसतं. मोठ्या जातीच्या शार्कना वयात यायला वर्षानुवर्षं लागतात, पिल्लं मोजकी. बांगड्यासारखं पटकन भरून येणारं ते खातं नाही.

जाळी कापण्याची गोष्टही इथंच ऐकली. कासव, बहिरी म्हणजे देवमुशी (व्हेल शार्क), असला संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला तर जाळी कापून सोडायचा आणि नुकसानीचे पैसे, जास्तीत जास्त २५ हजार, सरकारकडून घ्यायचे, अशी योजना राज्यानं डिसेंबर २०१८ मध्ये आणली. प्राणी सोडताना फोटो किंवा व्हिडिओ हवा. म्हणजे मच्छीमारालाही भान ठेवून नोंद करावीच लागते. कुठला प्राणी कुठल्या महिन्यात कुठं अडकतो, ही माहिती अशी पैशांच्या अर्जातून जमत जाते. हे मला अगदी पटलं. कर्जाचे अर्ज वाचून गावाचा दुष्काळ कळायचा, तसंच.

मोरी खानावळीवालीनं करून दिली. भाची शेजारी बसून भात आणि सोलकढी जेवली. बोलली काही नाही. मी पण दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही, तळव्याचं ठणकणं हे कारण सांगितलं.

पाचवा दिवस : होडीतून

सकाळी सहाला निघालो. भाचीची वरच्या वर्गातली दोघं आधीच होडीत होती, तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, गावातला. सिंधुदुर्ग डाव्या हाताला ठेवून बाहेर पडलो. १६६४ ते १६६७ मध्ये बांधलेला हा किल्ला आणि भोवतालचा समुद्र मिळून १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटर. आतला गाभा त्यातला तीनेक चौरस किलोमीटरचा. मच्छीमारांचा विरोध तेव्हापासून आहे. तांडेलाला विचारलं तर त्यानं एवढंच सांगितलं, "रेघ पाण्यावर कशी मारतंत?"

डॉल्फिन बघायला लोक होडीनं धावत सुटतात तसं इथं नव्हतं. ठरलेल्या रेषेवर, ठरलेल्या वेगानं जायचं. एकानं डाव्या बाजूला बघायचं, एकानं उजव्या, दर अर्ध्या तासाला जागा बदलायची. काही दिसलं नाही तर "काही नाही" असं लिहायचं, वेळेसकट. पहिल्या दोन तासांत माझ्या वहीत चार वेळा "काही नाही" झालं. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणे, हेही मोजमापच. कुठं बघितलं आणि नव्हतं हे माहीत नसेल तर कुठं आहे याला अर्थ राहत नाही.

पाचव्यांदा लिहायला पेन उघडलं आणि उजवीकडे पाठ दिसली. राखी रंगाची, मधोमध लांबट उंचवटा, त्यावर छोटा पंख. हिंदी महासागरातले कुबडवाले डॉल्फिन. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातच राहतात, म्हणजे बरोबर जिथं जाळी, बंदरं आणि आपली घाण. जगात धोक्यात आलेली जात. इथं मात्र पाच-सहा जण निवांत होते. इंजिन बंद केलं. फूऽऽ असा श्वास ऐकू आला, माणसानं दमून सोडावा तसा.

कॅमेरे फक्त पंखावर. पंखाच्या मागच्या कडेला खाचा असतात, कुणाला एक, कुणाला तीन, जाळ्यानं कापलेल्या किंवा भांडणातल्या. त्या खाचांवरून एकेक डॉल्फिन ओळखायचा. सहीचे नमुने जुळवायचे, तसंच. दोनेकशे फोटोंतले नऊ कामाचे निघाले. बाकी सगळे पाणी.

मग एकानं पाण्यात माइक सोडला आणि माझ्या कानाला हेडफोन लावले. डॉल्फिनची शीळ ऐकायला मिळेल म्हणून मी डोळे मिटले, तर कढईत लाह्या फुटत होत्या. तडतड तडतड, न थांबता. हे कोळंबीचे भाऊबंद. एक नांगी इतक्या जोरात मिटतात की पाण्यात बुडबुडा होतो आणि तो बुडबुडा फुटल्याचा हा आवाज. उथळ उष्ण समुद्रांत सगळीकडे हा तडतडाट चालू असतो. आपण वर बसून म्हणतो, समुद्र कसा शांत.

परतताना तांडेल पश्चिमेकडे हात करून म्हणाला, तिकडे शंभरावर किलोमीटर गेलं की पाण्याखाली डोंगर आहे. तोच आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा, वीसेक मीटर खोलीवर पसरलेलं प्रवाळांचं पठार. मुंबई-गोव्याच्या मध्ये एवढं प्रवाळ, आणि शास्त्रज्ञांची मोठी मोहीम गेली ती डिसेंबर २०१९ मध्ये. आणि कुणकेश्वरच्या समोर २०१५ मध्ये निळा देवमासा दिसला होता, माय आणि पिल्लू. जगातला सगळ्यात मोठा प्राणी, देवगडच्या हापूसच्या बागांपासून हाकेच्या अंतरावर.

"पण तो वर आला म्हणून," भाची म्हणाली. "कासव अंडी घालायला, डॉल्फिन श्वासाला, मोरी जाळ्यात. आम्हाला त्यांचं एवढंच दिसतं. बाकी सगळं खालीच."

सहावा दिवस : दोनापावला

भाचीचं गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत एका शास्त्रज्ञांना भेटायचं ठरलं होतं. मला तिथं काम नव्हतं. मी तळव्याला नवीन पट्टी करून दोनापावलाच्या धक्क्याजवळ नारळपाणी घेऊन बसले.

संस्था १ जानेवारी १९६६ ला सुरू झाली, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठोपाठ. त्या मोहिमेत अनेक देशांची जहाजं या महासागरात फिरली आणि जाताना आपल्याकडे मोजणाऱ्यांची एक पिढी मागे राहिली. दोन तासांनी भाची परत आली ती एकच गोष्ट घेऊन. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत पाण्यात प्राणवायू जवळपास नसतोच. जगातल्या असल्या मोठ्या थरांपैकी हा एक. पावसाळ्यात वारे वरचं पाणी ढकलतात आणि खालचं गार, खतासारखं सकस पण गुदमरलेलं पाणी किनाऱ्याकडे वर येतं. आपले बांगडे-तारले त्या सकस पाण्यावर जगतात आणि तेच पाणी जास्त झालं की तळाचे मासे पळतात, नाहीतर मरतात. "म्हणजे देणं-घेणं एकाच खात्यातून," मी म्हटलं. तिनं तेही लिहून घेतलं की काय, मला दिसलं नाही.

मला दुसरंच काहीतरी खात होतं. मी वेळासच्या कासवमित्राला फोन लावला. "त्या तीन नंबरच्या घरट्याची पाटी पुन्हा बघता का? ११२ च आहे ना?"

"ताई, ११२ च. रजिस्टरातपण." मग तो हसला. "अजून तेच? खेकडाच म्हणून लिहा की."

बँकेत न जुळलेली रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात, पण कायमची ठेवत नाहीत. कधीतरी ती कुठंतरी लावावीच लागते, नाहीतर तपासनीस डोकं खातो. मी वही उघडली आणि ११२ आणि १११ च्या खाली पेन्सिलीनं लिहिलं, "खेकडा – १ (?)". बरं वाटलं. एकूण लागली.

भाचीनं वाकून पाहिलं.

"तू पाहिलास खेकडा?"

"नाही. पण..."

तिनं पिशवीतून खोडरबर काढून माझ्या हातात दिलं. मी खेकडा खोडला, १ खोडला. प्रश्नचिन्हाकडे बोट केलं.

"ते राहू दे," ती म्हणाली.